तेरा पेट्यांतला धूर

पेट्या सोळा. तेरा बाभळीखाली, कांद्याच्या वाफ्यांच्या कडेला. तीन त्यांच्या वरच्या अंगाला, कमरेएवढ्या दगडी बांधावर.

बाभळीखालच्या तेरांपैकी माश्या असलेली एकही नाही. बांधावरच्या तिन्हींत माश्या होत्या.

रिकाम्या पेट्यांत प्रत्येकी पाच ते सात पोळी. कापून नेलेलं एकही नाही. मध मात्र चाटूनपुसून संपलेला. पेट्यांच्या तोंडाशी मेलेल्या माश्या, सगळ्या मिळून एक्केचाळीस. चौथ्या, पाचव्या आणि नवव्या पेटीजवळ बारीक पांढरे खडे. त्यांच्यातच काळे गोल दाणे, तेवीस. त्यातले काही तडकलेले. जवळच चार बारीक वाळक्या काड्या. आणि तेराही पेट्यांना वळसा घालून फिरलेली पावलांची वाट. ओल्या मातीत उमटून तशीच वाळलेली, पावलावर पाऊल पडून पुसट झालेली.

"लिहिलंत का, मामा?"

"लिहिलं," म्हणत उत्तमरावांनी वहीत शेवटची ओळ ओढली : 'पांढरे खडे – खत. काळं बी – कांदा.' एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केल्यावर माणसाला मोजायची आणि चटकन शेरा मारायची सवय लागते.

प्रज्ञाने वहीत डोकावून पाहिलं. "खत कशावरून?"

"शेतात दुसरं पांढरं काय असतं?"

"आणि हे कांद्याचं बी?"

"अगं, कांद्याच्या बियाण्याचाच प्लॉट आहे हा! समोर बघ की."

समोर बघत राहावं असंच होतं. फेब्रुवारीतली सकाळ, पारनेरचं पठार, आणि दोन एकरभर कांद्याचे गोंडे उमललेले. हिरव्या दांड्या धुक्यात विरल्या होत्या, त्यामुळे पांढरे गोल गोंडे नुसतेच हवेत टांगल्यासारखे दिसत होते. उत्तमरावांना वाटलं, आपण अजून पहाटेच्या बसमध्येच पेंगतो आहोत आणि हे सगळं खिडकीबाहेर चाललंय. एकच गोष्ट चुकत होती. एवढ्या फुलांवर गुणगुण नव्हती. पंखा बंद पडल्यावर खोलीत होते तशी शांतता सगळ्या रानावर पसरली होती.

"बी धरायला अजून महिना आहे, मामा," प्रज्ञा म्हणाली, आणि ते तेवीस दाणे तिने कागदाच्या पुडीत बांधले. खड्यांची दुसरी पुडी केली.

प्रज्ञा उत्तमरावांच्या बहिणीची मुलगी. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत सहा वर्षं काढून तिने नोकरी सोडली आणि श्रीरामपुरात कापड दुकानाच्या माडीवर 'खाजगी तपास' अशी पाटी लावली. निवृत्त मामा तिच्याबरोबर फिरत. कामाला मदत म्हणून, असं ते सांगत. घरात करमत नाही म्हणून, असं मामी सांगे.

पेट्यांची मालकीण भागिरथीबाई गायकवाड बाभळीच्या बुंध्याशी टेकून उभी होती. पन्नाशीची, उंच, अंगाने काटक. काल ती तीन बस बदलून श्रीरामपूरला आली होती आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली होती, "मला माश्या परत नकोत, ताई. माझा भाचा परत पायजे."

तिची हकीकत थोडक्यात अशी. भिंतींच्या, झाडांच्या ढोलीतून सातेरी माश्यांच्या वसाहती काढून सहा वर्षांत तिने सोळा पेट्या जमवल्या. कांद्याच्या बियाण्याला माशी लागते, म्हणून आप्पासाहेब औटींनी त्या आपल्या मळ्यात ठेवून घेतल्या. गेल्या रविवारी भरदुपारी तेरा पेट्या उठल्या. आकाश काळं झालं आणि मोकळं झालं, एवढंच. माशी नाही, तर बी नाही. आप्पासाहेबांनी संशय घेतला तो भागिरथीबाईच्या भावाच्या मुलावर, भीमराजवर. तो कड्यावरची आग्या मोहोळं धूर देऊन उतरवतो, हे सगळ्या गावाला माहीत होतं. शनिवारी संध्याकाळी बाभळीखाली धूर दिसला होता. भीमराजची मोटारसायकल त्याच वेळी तिवाट्यावर उभी होती.

आप्पासाहेब येत्या सोमवारी ठाण्यात तक्रार देणार होते. आणि वनरक्षकाच्या भरतीत भीमराजचं नाव यादीत लागलं होतं. याच महिन्यात पोलिसांकडून त्याची चारित्र्य पडताळणी व्हायची होती.

"माशी अशी एकाएकी का उठते, भागिरथीबाई?" प्रज्ञाने विचारलं.

"सातेरीचा सोभाव लई मानी. जीव नकोसा केला की पोटभर मद पिती आन् आख्खं घर सोडून जाती. पोरं टाकून जाती, ताई."

"तुम्ही पेटी उघडताना धूर देता?"

"कदी न्हाई. हळू फुंकर घालते. तेवढ्यानं ऐकत्यात."

"म्हणजे या पेट्यांच्या मेणात धुराचा अंश सापडला, तर तो फक्त शनिवारचाच."

तिने सोळाही पेट्यांच्या दाराजवळच्या पोळ्याचा एकेक तुकडा कापून बाटलीत घातला. उत्तमराव बघत राहिले. "काय करणार याचं?"

"मेण सगळं धरून ठेवतं, मामा. धूरसुद्धा. नगरला माझी मैत्रीण रश्मी शिकवते, तिच्या कॉलेजात यंत्र आहे. मेणातून धूर वेगळा काढायचा आणि त्याला विचारायचं, तू कोणत्या झाडाचा?"

"धूर काय तिकीट काढून बसतो का, कुठून चढला ते सांगायला?"

"अगदी तसंच. फक्त तिकीट वाचता आलं पाहिजे."

* * *

भीमराज तिवाट्यावरच भेटला. पंचविशीचा, पायात जाड तळाचे बूट. उत्तर द्यायला तो वेळ घेई, आणि ते उत्तमरावांना फारसं बरं वाटलं नाही. त्यांच्या अनुभवात विनातिकीट प्रवासीच एवढा विचार करून बोलायचे.

"शनिवारी गाडी इथं लावून कुठं गेला होतास?"

"चालाया."

"कुठं?"

"कुठंच न्हाई. नुसतं चालाया. भरतीत चार तासात पंचवीस किलोमीटर चालून दाखवावं लागतं. इथनं डोंगराच्या कडंनं जातो, फिरून येतो."

"कोणी पाहिलं?"

"शेरडं हुती दोन-चार," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच किंचित हसला. "त्यांची साक्ष धरत्यात का?"

"तुझा पलिता कशाचा असतो?"

"गोवरीचा. वर चिंध्या गुंडाळतो."

प्रज्ञाने त्याच्याकडून गोवरीचा तुकडा घेतला, तिथेच पेटवला आणि धूर काचेच्या नळीतल्या कापसावर ओढून घेतला. धुक्याने धूर वर जाऊ दिला नाही. तो कमरेच्या उंचीवर आडवा पसरला आणि हळूहळू शेताकडे सरकू लागला. त्यातून भीमराजचं डोकं आणि बूट तेवढे दिसत होते.

निघता निघता प्रज्ञा वाकली. तिवाट्याच्या मधोमध राखेचा मूठभर ढीग होता. गाड्यांची चाकं त्याच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेलेली. राखेत एक काळा दाणा होता. तिने राख बाटलीत भरली.

"कुणीतरी शेकोटी केली असेल," उत्तमराव म्हणाले.

"रस्त्याच्या मधोमध?"

"लोकांना कुठं शिस्त असते!" त्यांनी वहीत लिहिलं : 'तिवाटा – शेकोटी.'

शेजारच्या रानातला आसाराम स्वतःच बांधावर येऊन उभा राहिला. तोंडात विझलेली बिडी, आणि राग धुमसता.

"मला काय इचारता? मी आप्पाला म्हन्लो हुतो, चार पेट्या माझ्या कांद्यात ठिवू दे. न्हाई म्हन्ला. आता बस म्हनावं गोंडे मोजीत!"

"शनिवारी तुम्ही काही जाळलं?"

"बाजरीची सडं जाळली. सगळ्या गावानं बघितली. पर दुपारी! आन् माझा धूर त्येच्या बाभळीखाली जाऊन बसंल व्हय, पाव्हन्यावानी?"

त्याच्या सडांचाही धूर नळीत गेला.

आप्पासाहेबांचा मुलगा पार्थ बंबाशी होता. आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब, खाली बाभळीची ढलपी पेटलेली. तो नगरला शिकून परत आला होता आणि त्याचा हात खिशातल्या मोबाईलवरून निघत नव्हता.

"धूर मीच पाहिला. विहिरीवर होतो. माणूस काय दिसला नाही, दांड्या कमरेएवढ्या वाढल्यात. नुसता धूर, बाभळीखाली."

"माश्यांवर तुमचाही राग होता म्हणे."

"राग कशाला?" तो तापला. "फुलकिडे पडलेत गोंड्यांवर. मी म्हटलं फवारणी करू. भागिरथीमावशी म्हणाल्या, फवाराल तर पेट्या उचलते. बाप माझं ऐकेना, मावशीचं ऐकलं. पण म्हणून मी माश्या उठवीन? बी आमचंच आहे ना!"

"राग असलेला माणूस आपलंच नुकसान करतो कधीकधी."

"मग धूर दिसल्याचं मीच सांगत बसलो असतो का? घ्या, घ्या या लाकडाचा पण धूर!"

त्याने ढलपं पुढे केलं. प्रज्ञाने खरोखरच घेतलं.

* * *

जेवायला थांबावंच लागलं. आप्पासाहेबांची थोरली बहीण बनुबाई चौकटीला धरून उठली, चौकटीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "उपाशी गेलात तर मी तुमच्यासंगं श्रीरामपूरला येऊन बसंन." सत्तरीची बाई, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. लहानपणीच नवरा वारल्यावरही तिने कुंकू सोडलं नव्हतं, आणि त्याबद्दल तिला विचारायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. तिला सगळे आक्का म्हणत.

अंगणात ट्रॅक्टरला मागे जुनी चप्पल टांगलेली होती. शेरडांच्या गळ्यात काळे दोरे. पार्थच्या तान्ह्या मुलीच्या गालावर काजळाची तीट, आणि तळपायावर आणखी एक.

"भाजी आज अळनी का गं?" आप्पासाहेबांनी पहिल्याच घासाला विचारलं.

"अळणी नाही, आप्पा, फिकी," सून निकिता म्हणाली. "मिरच्याच उरल्या नाहीत. मागच्याच महिन्यात डबा भरला होता, आता तळाशी चार. आणि ही केरसुणी बघा, नवी आणलेली पार विरळ झाली. या घरात काय टिकतच नाही."

"पाव्हन्यांसमोर गाऱ्हानी काढू नगं," बनुबाई म्हणाली, आणि प्रज्ञाच्या ताटात आणखी भाकरी वाढली. "तुला सांगते लेकी, पंधरा-वीस दिसांमागं बियान्याच्या कंपनीची मानसं आल्ती. फोटो काय काढत्यात, आ वासून बघत्यात काय! एकजन म्हनतो, 'एवढी माशी! जिल्ह्यात न्हाई अशी माशी!' असं म्हनू न्हाई. जित्त्या जिवाला असं म्हनू न्हाई."

"आक्का," भागिरथीबाई शांतपणे म्हणाली, "मी मागंच सांगितलंय. बाभळीला लिंबू-मिरची बांधली हुती ती मी काढून टाकली. आमच्यात हे चालत न्हाई."

"तुज्यात चालत न्हाई म्हनून लागायची ऱ्हाती व्हय? लागली ती लागलीच. मला ठावं हाय."

"कशावरून?" प्रज्ञाने विचारलं.

बनुबाईने ओठ मिटले. मग म्हणाली, "काही गोष्टी बोलायच्या नसत्यात."

"शनिवारी संध्याकाळी तुम्ही बाभळीकडे गेला होतात?"

"रोजच जाते की. दिस कलला की तिथं जाऊन बसते, त्यांचं येनंजानं बघत. देवळात तरी दुसरं काय असतं? पर बाभळीपातुरच. बांध चढून धा वर्सं झाली. गुडघं न्हाईत मला."

"धूर पाहिलात?"

"डोळं बी न्हाईत मला," बनुबाई म्हणाली, आणि उष्टी ताटं उचलायला लागली.

परतीच्या बसमध्ये उत्तमरावांनी आपला निकाल दिला. "आसाराम. नक्की आसाराम. राग तोंडावर आहे."

"राग तोंडावर असणाऱ्याला धुराची गरज नसते, मामा." प्रज्ञा खिडकीबाहेर बघत होती. पठारावर जागोजागी धुराच्या रेघा उठल्या होत्या. चुलीच्या, सडांच्या, वीटभट्ट्यांच्या. सगळ्या एका उंचीपर्यंत जाऊन तिथेच आडव्या होत होत्या. "सगळं गाव एकाच छताखाली राहतंय असं वाटतं ना?"

उत्तमरावांना डुलकी लागली होती. स्वप्नात ते धुराची तिकिटं फाडत होते.

* * *

रविवारी सकाळी रश्मीचा फोन आला. प्रज्ञा वीस मिनिटं ऐकत होती, मधूनमधून लिहीत होती. फोन ठेवून तिने मामांना एवढंच विचारलं, "पारनेरला पुढची बस किती वाजता?"

दिवस कलायच्या आत ते मळ्यावर होते. ओट्यावर सगळे जमले. आप्पासाहेब बाजेवर, उद्याच्या तक्रारीचा कागद खिशात. पार्थ खांबाला टेकून. आसाराम न बोलावताच आलेला. निकिता दारात, मांडीवर मुलगी. बनुबाई उंबऱ्यावर. भागिरथीबाई आणि भीमराज ओट्याखाली उभे राहिले होते. "वर या," प्रज्ञा म्हणाली, आणि ते येईपर्यंत बोलायची थांबली.

"प्रत्येक धूर आपलं कूळ सांगतो," ती म्हणाली. "लाकूड, गवत, पाला काहीही जाळा, त्यातला काष्ठाचा भाग जळून एक साखर तयार होते. ती सगळ्याच धुरांत असते. तिच्यावरून एवढंच कळतं, की झाड जळलं. कोणतं ते दुसऱ्या गोष्टी सांगतात. बाभळीसारखं टणक लाकूड जळलं की धुरात सिरिंगॉल नावाचा पदार्थ भरपूर येतो. पार्थ, तुमच्या बंबाच्या धुरात तो आहे. बाजरी, ऊस हे सगळे गवताच्या जातीचे. त्यांच्या धुरात तो कमी आणि कुमॅरिलचे पदार्थ जास्त. आसारामदादांच्या सडांत तेच सापडले. आणि गोवरीत गवत असतं खरं, पण ते गाईच्या पोटातून आलेलं. गाईच्या आतड्यातले जिवाणू गवतातल्या एका पदार्थाचं रूप बदलतात. तो बदललेला पदार्थ धुरात जसाच्या तसा उतरतो. भीमराजच्या पलित्यात तो आहे."

"आन् पेट्यांत?" आप्पासाहेब पुढे झुकले.

"बाभळीखालच्या तेरा पेट्यांच्या मेणात तो पदार्थ नाही. गोवरीचा धूर तिथं गेलेलाच नाही."

भागिरथीबाईने श्वास सोडला. भीमराज आपल्या बुटांकडे बघत होता.

"बाभळीच्या लाकडाचा धूर जेमतेम, निखाऱ्यांतून येतो तेवढा. बाजरीच्या सडांचा नाही. म्हणजे तिघंही सुटले. पण तेराही पेट्यांत, तेरापैकी तेरा, दोन पदार्थ सापडले. बांधावरच्या तीन पेट्यांत त्यांचा मागमूस नाही. पहिला, तिखटपणाचा पदार्थ."

"कांदा!" उत्तमराव म्हणाले. "कांद्याच्या शेतात तिखट म्हणजे कांदाच."

"कांद्याचा तिखटपणा गंधकाचा असतो, मामा. त्याने डोळ्यांत पाणी येतं. हा कॅप्सेसिन आहे. याने घसा धरतो. हा जगात एकाच कुळातून येतो."

निकिताने मान वर केली. "मिरची."

"लाल मिरची, जळलेली. आणि दुसरं, इरुसिक आम्ल. ते मोहरीच्या तेलात असतं." प्रज्ञाने कागदाची पुडी उघडून मामांच्या तळहातावर ओतली. "कांद्याचं बी, असं तुम्ही लिहिलंय. कांद्याचं बी त्रिकोणी असतं, चिमलेलं. हे गोल आहे. आणि हे खत."

उत्तमरावांनी खडा जिभेला लावला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"मीठ," ते म्हणाले.

मीठ, मोहरी, मिरच्या. प्रज्ञाला पुढचं सांगायची गरज नव्हती, तरी तिने सांगितलं, कारण उद्या सोमवार होता आणि अर्धवट माहिती कुणाच्या उपयोगाची नव्हती.

"आणि पेट्यांजवळच्या त्या चार काड्या म्हणजे केरसुणीचे हीर. चोर पेटीभोवती फेऱ्या मारत नाही. तो झाकण उघडतो, पोळं कापतो, जातो. इथं पोळं शाबूत आहे आणि कोणीतरी तेराही पेट्यांना मिळून वळसे घातलेत, पुन्हा पुन्हा. फक्त बांधावरच्या तिन्हींना नाही. कड्यावर चढणारा भीमराज कमरेएवढ्या बांधाला अडला नसता. पार्थही नाही. आसारामदादा तर रोज बांधावरच उभे असतात."

"उभा ऱ्हानारच, बांध माझा हाय," आसाराम सवयीने म्हणाला.

"काम झाल्यावर राख तिवाट्यावर टाकली. रस्त्याच्या मधोमध, मामा, कारण ती तिथंच टाकतात. आणि गाववाले ती ओलांडत नाहीत, म्हणून चाकं वळसा घालून गेली. ती राख मी तपासली. तीच मिरची, तीच मोहरी. मग मागं न बघता घरी यायचं, आणि कुणाशी बोलायचं नाही. बोललं तर उतरलेली पुन्हा चढते."

सगळ्यांचे डोळे उंबऱ्याकडे गेले. बनुबाई ताठ बसली होती.

"मी चोरी न्हाई केली," ती म्हणाली.

"नाही, आक्का. तुम्ही दृष्ट काढली."

"काढली." तिने आवाज चढवला. "काढनारच. त्या कंपनीवाल्यानं असे डोळे लावले, मला दिसलं न्हाई व्हय? ही भागिरथी काही मानत न्हाई. तिच्या लेकरांची कोन काढनार? आदल्या शनवारी घमेल्यात निखारं घेऊन गेले, सात मिरच्या टाकल्या. ठसका न्हाई! सात मिरच्या आन् ठसका न्हाई म्हंजी नजर केवढी! मग फुडल्या शनवारी दोन मुठी टाकल्या. एकेका पेटीच्या तोंडाशी घमेलं धरलं. तरी मला ठसका न्हाई. मला वाटलं, झाली, पुरी मेली ही माशी नजरेनं."

"संध्याकाळचा वारा पूर्वेचा असतो, आक्का," प्रज्ञा हळू म्हणाली. "तो तुमच्या पाठीकडून येत होता. उघड्या रानात धूर तुमच्याकडे वळलाच नाही. तो समोर गेला, पेटीच्या दारातून आत."

बनुबाई तिच्याकडे बघत राहिली.

"ठसका माश्यांना लागला."

मग आप्पासाहेबांनी खिशातला कागद काढला, चार ठिकाणी फाडला आणि तुकडे मुठीत धरून बसले, जणू ते कुठे टाकावेत हे कळेना. "भीमराज," ते म्हणाले. "तू... तुज्या पडताळनीला गावातली दोन मानसं लागतील ना सही करायला? म्या येतो."

"या," भीमराज म्हणाला. एवढंच. पण उत्तमरावांच्या लक्षात आलं, या वेळी त्याने उत्तराला वेळ घेतला नव्हता.

"आन् मी बी येतो," आसाराम म्हणाला. "तिथंही एखादा बांध आसंल की उभं ऱ्हायाला."

पार्थ हसला. मग सगळेच थोडे हसले. बनुबाई हसली नाही.

भागिरथीबाई तिच्याजवळ उंबऱ्याच्या खालच्या पायरीवर बसली. "आक्का, तीन ऱ्हायल्यात. तिनाच्या सा करता येत्यात, सायाच्या बारा. मला सा वर्सं लागली हुती. पुन्यांदा लागतील."

"ते न्हाई गं." बनुबाईचा आवाज अगदी बारीक झाला होता. "कंपनीवाला एक दिस आला. मी रोज बघायची. रोज. 'कशी गं येती, कशी गं जाती,' म्हनत बसायची. त्याची न्हाई, माझीच लागली. जळो हे डोळे. माझीच नजर लागली त्यांना."

"आक्का, नजर-बिजर काही नसतं, वाऱ्यानं..." पार्थने सुरुवात केली. प्रज्ञाने हाताने त्याला थांबवलं.

तिला त्या म्हाताऱ्या बाईला वाऱ्याची दिशा पुन्हा सांगायची नव्हती. ती सांगून झाली होती, आणि पुरली नव्हती. अंगण निळसर होत चाललं होतं. चुलीचा धूर कौलांतून निघून छपराच्या वरच थांबला होता आणि त्याखाली सगळी माणसं पाण्याच्या तळाशी बसल्यासारखी दिसत होती.

"निकिता," ती म्हणाली, "तळाशी चार मिरच्या उरल्यात म्हणाला होतात ना?"

"आहेत."

"आक्कांची काढा. आत, स्वयंपाकघरात. दारं-खिडक्या लावून. शेतात नाही."

बनुबाईने मान वर केली. "तुला पटतं व्हय हे?"

"मला मोजायला आवडतं," प्रज्ञा म्हणाली. "तुमच्या डोळ्यांत काही असलं तर ठसका लागणार नाही. बरोबर?"

"बराबर."

"मग बघू."

भागिरथीबाई बाहेरच थांबली, आणि निकिताची मुलगी तिने आपल्या मांडीवर घेतली. बाकीचे आत गेले. आसारामसुद्धा, बिडी कानावर ठेवून. बनुबाईला पाटावर बसवलं. खिडकी लावल्यावर चुलीच्या उजेडात तिचं कुंकू तेवढं दिसत होतं. निकिताने मूठ वळली आणि तिच्यावरून सात वेळा ओवाळली, ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत. उत्तमरावांनी मनगटावरचं घड्याळ चुलीच्या उजेडात धरलं. प्रज्ञाने वही उघडली.

मिरच्या निखाऱ्यांवर पडल्या.

बनुबाईंना पहिला ठसका : सहा सेकंद.